मेंदू: एकसंध जाळं की सुट्या पेशी?

चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवतात आणि त्यावर मेंदू चालतो, हे आता शाळेच्या पुस्तकातच असतं. पण या पेशी सुट्या असतात की एकमेकींत मिसळलेल्या, यावरून सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले होते.

मेंदू हा सुमारे १३०० ते १४०० ग्रॅमचा मऊ गोळा. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की नुसता धाग्यांचा गुंता दिसायचा. कुठला धागा कुठल्या पेशीचा, काही पत्ता लागत नसे.

या गुंत्यातून पहिली वाट काढली इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी. पेशीतलं गॉल्जी संकुल ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे. एका छोट्या गावातल्या रुग्णालयात नोकरी करताना त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, तर त्यातल्या मोजक्याच पेशी शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्या होतात, हे त्यांना १८७३ मध्ये सापडलं. सगळ्याच काळ्या झाल्या असत्या, तर काहीच दिसलं नसतं! गॉल्जींचं मत मात्र असं पडलं, की हे सगळे धागे शेवटी एकमेकांत मिसळून एक अखंड जाळं होतं.

स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांना ते पटलं नाही. हा माणूस मला फार आवडतो. लहानपणी घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवून तुरुंगाची हवा खाल्लेला, चित्रकार व्हायचं स्वप्न बघणारा, आणि वडिलांच्या हट्टापायी डॉक्टर झालेला. गॉल्जींचीच पद्धत सुधारून १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी पक्ष्यांचे मेंदू तपासले. अंड्यातल्या पिल्लांचे मेंदू त्यांनी मुद्दाम निवडले, कारण कोवळ्या पेशींच्या धाग्यांवर अजून चरबीचं आवरण चढलेलं नसतं आणि रंग नीट बसतो. मग दिसेल ते हाताने कागदावर उतरवलं. त्यांना प्रत्येक धागा कुठेतरी संपताना दिसला. दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जायचा, पण तिच्यात मिसळायचा नाही. ती चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

१९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. स्टॉकहोमच्या भाषणात गॉल्जींनी काहालांच्या सिद्धांतावरच टीका केली. बक्षीस वाटून घेतलं, मत नाही.

पण पेशी सुट्या असतील, तर निरोप मधली फट ओलांडतो कसा? ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांना याच्या उत्तरासाठीचा प्रयोग म्हणे झोपेत सुचला. रात्री उठून त्यांनी तो खरडून ठेवला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री पुन्हा तोच प्रयोग सुचला, तेव्हा ते थेट प्रयोगशाळेत गेले. ही गोष्ट १९२१ च्या सुमाराची. बेडकाच्या हृदयाची गती मंदावणारी चेता त्यांनी उत्तेजित केली आणि त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकातून कुठलंतरी रसायन बाहेर पडत होतं. मेंदूतल्या बहुतेक पेशीही असंच करतात: पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात धावतो, टोकाशी रसायन सुटतं, ते पलीकडच्या पेशीला चिकटतं आणि तिथे पुन्हा वीज जागी होते किंवा थोपवली जाते. या जागेला सिनॅप्स म्हणतात. आपण एखादी गोष्ट शिकतो, तेव्हा असे काही सिनॅप्स बळकट होतात, तर काही दुबळे.

ती फट प्रत्यक्ष दिसायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी भरली. गॉल्जी आणि काहाल, दोघेही तोवर हयात नव्हते. आणि गंमत म्हणजे १९५९ मध्ये एका झिंगावर्गीय प्राण्यात विजेनेच थेट जोडलेल्या पेशीही सापडल्या. असे थोडे सांधे आपल्याही मेंदूत आहेत. गॉल्जी तेवढ्यापुरते बरोबर होते.