सम कुठाय?

माझा भाचा सातवीत आहे आणि चार वर्षं तबला शिकतोय. गेल्या सुट्टीत मी त्याला हेडफोन लावून एक गाणं ऐकवलं. गाणं संथ, सुरुवातीला गिटार आणि आवाज, कानाला कुठंही न टोचणारं. सवयीनं त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. चार मोजून झाले, परत चार सुरू झाले आणि अंगठा अडखळला. पुन्हा पहिल्या पेरावर गेला, पुन्हा अडखळला. दोन मिनिटांनी हेडफोन काढून त्यानं विचारलं, “मावशी, याची सम कुठाय?” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची, परत परत येणाऱ्या फेऱ्याची, पहिली मात्रा.

गाणं होतं ‘ऑफ द न्यू डे’. पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं. २००९ च्या ‘द इन्सिडंट’ नंतर हा बँड जवळजवळ थांबल्यातच जमा होता. तेरा वर्षांनी, २४ जून २०२२ ला, ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ हा नवा अल्बम आला. स्टीव्हन विल्सन, गॅव्हिन हॅरिसन आणि रिचर्ड बार्बिएरी हे तिघंच त्यात आहेत. बासगिटारही विल्सननंच वाजवली आहे. बरीचशी गाणी विल्सन बास आणि हॅरिसन ड्रम्स घेऊन एकत्र वाजवत बसले त्यातून उगवली. ते ऐकताना कळतं. या अल्बमचा पाया सुरांपेक्षा लयीत जास्त आहे, आणि म्हणूनच तो पेरांवर मोजत ऐकावासा वाटतो.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या गाण्यात शोधण्याआधी मी त्याला अल्बममधलं पहिलं गाणं लावून दिलं, ‘हॅरिडन’. बास आणि ड्रम्सनं ते सुरू होतं आणि पाच मात्रांत चालतं. रॉकमधली बहुतेक गाणी चार मात्रांची, त्यामुळे पाश्चात्त्य श्रोत्याला पाच म्हणजे काहीतरी अवघड, मुद्दाम वाकडं केलेलं वाटतं. भाच्यानं तिसऱ्या आवर्तनाला मान डोलवायला सुरुवात केली. दोन आवर्तनं मिळून दहा होतात, म्हणजे झपतालाइतक्या मात्रा. ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ हे बोल त्यावर तसेच्या तसे चढवायचा हट्ट मात्र धरू नये. संख्या जुळते, वजन वेगळं आहे. पण पाचच्या घरात तो आधीच राहून आलेला होता, म्हणून त्याला तिथं परकं वाटलं नाही.

हे तबल्याच्या क्लासमुळे, की त्याच्याही आधीपासून? या प्रश्नावर फार सुंदर काम झालेलं आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोघींनी २००५ साली बाल्कन प्रदेशातल्या, विषम मात्रांच्या लोकसंगीतावर प्रयोग केले. सुरावटीत मध्येच एखादा ठोका घुसवून लय मोडली तर ऐकणाऱ्याला कळतं का, एवढाच प्रश्न. उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना साध्या, सरळ लयीत ते कळलं. विषम लयीत कळलं नाही. बल्गेरिया-मॅसिडोनियात वाढलेल्या प्रौढांना दोन्हीकडे कळलं. आणि उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांनाही दोन्हीकडे कळलं! वर्षाची झालेली बाळं मात्र आईवडिलांसारखी झालेली होती. मग त्यांना घरी दोन आठवडे बाल्कन संगीत ऐकवलं, तर हरवलेला कान परत आला. प्रौढांना तेवढ्या ऐकण्यानं तसा फायदा झाला नाही.

म्हणजे सात किंवा पाच मात्रा मुळात अवघड नसतात. पाळण्यात कानावर काय पडलं, यावर ते ठरतं. आपल्याकडे रूपक ताल भावगीतांतही सर्रास भेटतो, सात मात्रांचा, आणि त्याची ‘खाली’, म्हणजे तालातली बिनवजनाची जागा, समेवरच. आपल्याला तो कुणी ‘विषम’ म्हणून ओळख करून दिलेला नसतो, आपण तो फक्त ऐकत मोठे होतो. अमेरिकेतल्या ‘टूल’ या बँडचा ड्रमर डॅनी कॅरी मोठेपणी अलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला, आणि त्या बँडच्या २००० साली आलेल्या ‘सॅलायव्हल’ या संचात दत्त यांचा तबला ऐकायलाही मिळतो. पाळण्यात चुकलेलं शिक्षण माणूस असंही भरून काढतो.

बरं, ठोका मुळात असतो कुठं? हवेत तर नक्कीच नसतो. भिंतीवरचं घड्याळ एकसारखे आवाज करत असतं, पण आपल्याला ते ‘टिक-टॉक’ ऐकू येतं: एक जड, एक हलका. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी लोकांना अगदी एकसारखे टकटक आवाज ऐकवले, मध्येच एखादा किंचित हलक्या आवाजात वाजवला आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूची प्रतिक्रिया मोजली. मेंदूनं जो ठोका ‘जड’ मानला होता त्या जागी बदल झाला, तर प्रतिक्रिया मोठी उमटली. आवाजात नसलेली जोडी मेंदूनं स्वतः घातली होती. समेचं बीज तिथंच आहे.

आणि ते जन्मजात आहे असं म्हणायला आधार आहे. २००९ मध्ये बुडापेस्ट आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना चक्क रॉकचा ड्रम पॅटर्न ऐकवला. मधला एखादा कमी महत्त्वाचा ठोका गाळला तर बाळांचा मेंदू शांत. आवर्तनाचा पहिला ठोका गाळला की मेंदूत ‘काहीतरी चुकलं’ अशी लहर उमटायची. डोळे नीट न उघडलेलं मूल समेची वाट बघत असतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचू शकले नव्हते.

वाट बघणं हाच यातला कळीचा शब्द आहे. लय ऐकताना कानाबरोबर हालचालीची केंद्रंही कामाला लागतात. हात-पाय अगदी स्थिर ठेवले तरी मेंदूतली बेसल गँग्लिया आणि हालचालींची आखणी करणारा वरचा भाग ठोक्यासोबत जागे असतात, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. अंदाज शंभर टक्के खरा ठरत गेला तर कंटाळा येतो, सारखा चुकत गेला तर आपण सोडून देतो. २०१४ मध्ये ड्रमच्या तुकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात लोकांना सगळ्यांत जास्त नाचावंसं वाटलं ते मध्यम गुंतागुंतीच्या लयीवर. फार सरळही नाही आणि फार तिरकीही नाही.

पॉर्क्युपाइन ट्रीचा ड्रमर गॅव्हिन हॅरिसन याच मध्यमपट्टीतला उस्ताद आहे. ‘ऱ्हिदमिक इल्यूजन्स’ नावाचं त्याचं पुस्तकच आहे. ठेका तोच ठेवायचा, पण जोर अशा जागी सरकवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं सम हलली. काही आवर्तनांनी जोर परत जागेवर येतो आणि तोवर धरून ठेवलेला श्वास सुटतो. आपल्याकडे तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, चुकल्यासारखी वाटत वाटत नेमकी समेवर येते, तेव्हा बैठकीत जी ‘वाह’ निघते ती याच जातीची. माँट्रियलच्या संशोधकांना २०११ मध्ये असं दिसलं की आवडत्या संगीताच्या शिखरक्षणी मेंदूत डोपामिन स्रवतं, पण त्या क्षणाच्या आधी, नुसत्या चाहुलीनंही ते स्रवतं, मेंदूतल्या दुसऱ्या एका जागी. येणाऱ्या समेचंही सुख असतं.

आता पुन्हा ‘ऑफ द न्यू डे’. विल्सननं स्वतःच सांगितलंय की यात मात्रांची संख्या सतत बदलते: चार, तीन, पाच, सहा, थेट अकरापर्यंत. भाच्याचा अंगठा म्हणून अडखळत होता. पाच असो वा सात, आवर्तन परत येत असेल तर मेंदू त्याला पकडतो. इथं आवर्तनच पक्कं नाही, मग अंदाज कशावर बांधायचा? आणि तरी गाणं कुठंही धक्का देत नाही. न मोजता ऐकलं तर ते सरळ चार मात्रांचं शांत गाणं आहे असं कुणीही शपथेवर सांगेल. या अल्बममधली मला सगळ्यांत अवघड वाटणारी कारागिरी ही आहे. जोरजोरात वाजणाऱ्या गाण्यांची गुंतागुंत हिच्यापुढे सोपी.

मला वाटतं, इथं वाट ठेका दाखवत नाही, गळा दाखवतो. दोन ठोक्यांमध्ये साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की मेंदूला ते एका माळेतले वाटेनासे होतात. तरीही विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं जवळजवळ मिनिटभराचं आवर्तन आपण सांभाळतो. ते मोजून नव्हे. मधले बोल ओळखीच्या खुणांसारखे लागत जातात, ‘तिरकिट’ आलं की आपण कुठं आहोत ते कळतं. या गाण्यात त्या खुणा म्हणजे वाक्यं आहेत. ओळ जेवढी लांब तेवढं आवर्तन लांब. जात्यावरच्या ओवीत अक्षरं मोजून बसवलेली नसतात, एक चरण आखूड, दुसरा लांब, आणि तरी ऐकणाऱ्याला काही खटकत नाही, कारण बाईचं बोलणं जिथं संपतं तिथं चरण संपतो. बोलण्याचा असा अंदाज बांधायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “मोजू नकोस, गाणारा श्वास कुठं घेतो ते ऐक.” त्यानं अंगठा पेरांवरून काढला, तळहात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्या कडव्यात एका ओळीच्या शेवटी त्याचा हात उचलला आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर अलगद मांडीवर पडला. पुढच्या ओळीला परत, आणि या वेळी ओळ लांब होती, तरी हात थांबून राहिला.