गेट आधीच पडलंतं!

टिळकवाडीत पहिल्या गेटापासून हाकेच्या अंतरावर माझी इंग्रजीची शिकवणी चालते. संध्याकाळी उशिरा येणाऱ्या पोरांचं कारण ठरलेलं: "बाई, गेट पडलंतं." रेल्वेचं फाटक आमच्या बेळगावात बंद होत नाही, पडतं. आणि 'पडलं होतं' एवढं लांबलचक म्हणायला कुणाला सवड नसते. गेल्तो, आल्ती, बघितल्तं, सगळ्यातला 'हो' गिळलेला. (इंग्रज तरी काय करतो? 'आय हॅड'चं 'आयड' करून मोकळा होतो.)

एकदा मी म्हटलं, हेच कारण इंग्रजीत सांगा, मग आत या. एकानं दारातूनच ठोकलं, "व्हेन आय रीच्ड, द गेट क्लोज्ड."

"म्हणजे गेट तुझीच वाट बघत होतं होय रे? तू आलास आणि ते पडलं?"

त्यानं म्हटलेल्या वाक्याचा अर्थ तोच होतो. सायकल रुळांपाशी आली आणि डोळ्यांदेखत दांडा खाली आला. त्याला सांगायचं होतं ते वेगळंच: तो पोचला तेव्हा दांडा कधीचा खाली होता, अलीकडे स्कूटरी आणि रिक्षांची रांग लागली होती. त्यासाठी 'द गेट हॅड क्लोज्ड' म्हणावं लागतं. एका 'हॅड'नं दोन घटनांचा क्रम फिरतो.

हे त्याला पटलं. पटल्याचा पुरावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेच्या रजेचा अर्ज दाखवला: 'आय हॅड गॉन टु निपाणी येस्टरडे.' आता इथं 'हॅड' नको, नुसतं 'वेंट' हवं, हे मी लाल शाईनं दाखवलं. पण पोरगं चुकलं असं म्हणायला माझं मन धजत नाही. 'काल निपाणीला गेल्तो' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. 'कशाच्या आधी गेल्तास?' असं त्यावर कुणी विचारत नाही. मराठीतल्या 'होतो'चं काम एवढंच: गेलो, परत आलो, विषय संपला, आता आठवून सांगतोय. बाहेर पडलं की कानावर येणारं कन्नडही तसंच, 'निन्ने निप्पाणिगे होगिद्दे'. घरातूनही तेच, गल्लीतूनही तेच. पोरानं दोन्हीकडची सवय प्रामाणिकपणे इंग्रजीत नेली.

म्हणून कन्नडच्या संगतीनं मराठी अशी झाली, असं मात्र समजू नका. हिंदीतही 'कल गया था' चालतंच. शेजारच्या भाषा एकमेकींच्या किती जवळ येतात याचं प्रसिद्ध उदाहरण आपल्या पट्ट्यातलंच आहे, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 साली दाखवून दिलं, की तिथल्या लोकांच्या बोलण्यातली कन्नड, मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली आहे, की एका भाषेतला शब्द काढून त्याच जागी दुसऱ्या भाषेतला बसवत गेलं तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीशी आपलं असं घरोब्याचं नातं नाही. तिथं शब्दाला शब्द ठेवला की घसरगुंडी.

मग इंग्रजीतल्या 'हॅड'ला हवं तरी काय? याचं सगळ्यात सुटसुटीत उत्तर दिलं हान्स रायखेनबाख यानं, 1947 साली. हा मुळात तत्त्वज्ञ, आइनस्टाइनच्या सापेक्षतेवर लिहिणारा. काळाचा विचार करता करता व्याकरणातल्या काळाकडे वळला. तो म्हणतो, एका क्रियापदामागे तीन क्षण असतात. घटना घडली तो एक. आपण बोलतोय तो दुसरा. आणि तिसरा, जिथं उभं राहून आपण त्या घटनेकडे बघतो तो. आमच्या गेटाचंच घ्या: दांडा पडला हा घडण्याचा क्षण, पोरगं तिथं पोचलं हा बघण्याचा क्षण, आणि शिकवणीच्या दारात ते मला सांगतंय हा बोलण्याचा. साध्या भूतकाळात घडणं आणि बघणं एकाच जागी असतं. 'हॅड' आला की दोन्ही सुटे होतात, आणि बघण्याचा क्षण कुठला ते ऐकणाऱ्याला कळावं लागतं. निपाणीच्या अर्जात ती खुंटीच नव्हती.

आता खरी गंमत क्रियाविशेषणांची. 'द बस हॅड लेफ्ट ॲट टेन' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, बस बरोबर दहाला सुटली. दोन, दहा वाजता स्टँडवर बघितलं तर बस नव्हती. ती साडेनऊला सुटली असेल, नाहीतर पावणेदहाला. 'दहा' हा आकडा घडण्याच्या क्षणाला चिकटलाय की बघण्याच्या, हे वाक्य सांगत नाही. पण 'ॲट टेन' वाक्याच्या सुरुवातीला नेऊन मध्ये 'ऑलरेडी' घाला: 'ॲट टेन, द बस हॅड ऑलरेडी लेफ्ट'. आता दुसराच अर्थ उरतो.

मराठी हे काम वेगळ्या हत्यारानं करते, आणि माझ्या मते जास्त नजाकतीनं. 'दहाला बस गेली होती' आणि 'दहाला बस गेलेली होती' हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा. 'गेलेली' म्हटलं की रिकामा फलाट दिसतो. वर 'आधीच' जोडायला आपण मोकळे आहोतच. 'आधी'ला 'च' लागला की काम फत्ते. कन्नडमध्ये 'आग'चं (म्हणजे 'तेव्हा'चं) 'आगले' होतं, म्हणजे 'आधीच': 'बस्सु आगले होगित्तु'. तिथंही जोर शेपटीवरच.

एका ठिकाणी मात्र पोरं हमखास अडकतात: 'अगो' आणि 'बिफोर'. दोन्हींचं मराठी 'पूर्वी'. 'थ्री डेज अगो' आजपासून मागे मोजतं, 'थ्री डेज बिफोर' त्या बघण्याच्या क्षणापासून मागे. पण हाच फरक आपण 'काल' आणि 'आदल्या दिवशी' यांत रोज करतो. 'मी पोचलो त्याच्या काल पाहुणे गेले' असं कुणी म्हणतं का? 'आदल्या दिवशी'च म्हणतो. हे सांगितलं की डोक्यात लख्ख पडतं.

जागेचं म्हणाल तर 'ऑलरेडी', 'जस्ट', 'नेव्हर' बहुतेक वेळा 'हॅड' आणि क्रियापदाच्या मध्ये शिरतात. मध्ये दोन सहायक शब्द असले तर पहिल्याच्या मागे: 'द कुंदा हॅड ऑलरेडी बीन सोल्ड' (कुंदा म्हणजे आमची बेळगावची मिठाई). 'येट' सहसा नकारी वाक्याच्या शेवटी बसतं. 'स्टिल' मात्र 'हॅड'च्याही पुढे जाऊन उभं राहतं. 'द गेट हॅडन्ट ओपन्ड येट' ही नुसती बातमी झाली. 'द गेट स्टिल हॅडन्ट ओपन्ड' यात मागून हॉर्न वाजवणाऱ्या माणसाचा वैताग ऐकू येतो. आपलं 'अजून' आणि 'अजूनही' असंच.

'कधीच'चा घोळ तर विचारू नका. 'बस कधीच गेलती' म्हणजे 'ऑलरेडी', 'बस कधीच गेली नव्हती' म्हणजे 'नेव्हर'. मराठीत नुसत्या नकारानं अर्थ उलटतो. शब्दकोशात 'कधीच' समोर 'नेव्हर' बघून एकीनं लिहिलं होतं, 'द बस हॅड नेव्हर गॉन'. म्हणजे त्या बसनं स्टँड कधी सोडलाच नाही.

शेवटी मी त्यांना एक पळवाट सांगितली आणि पस्तावले. 'बिफोर' असलं की क्रम त्यानंच कळतो, मग 'हॅड' नसला तरी चालतं: 'द गेट क्लोज्ड बिफोर आय रीच्ड'. तेव्हापासून अख्ख्या बॅचच्या वह्यांत 'बिफोर'चा सुळसुळाट आहे, आणि 'हॅड' शोधून सापडत नाही.