कॉपरबँडचा उपास

टाकीतला मासा मेला की शेजारच्या काकूंचं वाक्य ठरलेलं असतं, 'घरावर काहीतरी येणार होतं, ते त्याने स्वतःवर घेतलं बघ.' मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हे मी तीनदा ऐकलंय. तिन्ही मासे उपासमारीने मेले होते आणि त्यातला एक माझा होता. घरावर येणार होतं ते मेंटेनन्सचं बिल, आणि ते आलंच.

माझा मासा होता कॉपरबँड बटरफ्लाय. पांढऱ्या अंगावर तांबूस-केशरी उभे पट्टे, पाठीच्या पराशी डोळ्यासारखा काळा ठिपका आणि पुढे चिमट्यासारखं लांब तोंड. अंदमान समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांत राहतो. 'सगळं खातो, साहेब,' दुकानदार म्हणाला होता. घरी आणल्यावर गोळ्या टाकल्या, फ्लेक टाकले, गोठवलेली आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, टाकली. तो जवळ यायचा, मान तिरकी करावी तसं अंग कलवून एका डोळ्याने न्याहाळायचा आणि निघून जायचा. पंधरवड्यात पाठ सुरीसारखी झाली. मी सगळ्यांना सांगत होतो, फार नखरे आहेत त्याचे.

दुसरा कॉपरबँड आणला तेव्हा नखरे हा शब्द सोडला आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागलो.

बहुतेक हाडांचे मासे घास ओढून घेतात. तोंड उघडताना घशाच्या तळाचं हाड खाली जातं, पाठोपाठ कल्ल्यांची झाकणं बाहेर फुगतात. तोंडाची पोकळी एकदम मोठी झाली की आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी आत घुसतं, भक्ष्यासकट. सगळं सेकंदाच्या काही शतांशांत उरकतं. हात नाहीत, पंजे नाहीत, तरी पाण्यालाच हात करून जेवायचं! मला तर हे माशाच्या पोहण्याहूनही भारी वाटतं.

पण या ओढीला पल्ला नसतो. मेणबत्ती लावा आणि हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझेल. आता तिथूनच श्वास जोरात आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकर एका दिशेने झोतात जाते, आत येणारी हवा मात्र चहूकडून गोळा होते. पाण्याचंही तेच. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून जितकं तोंडात शिरतं तितकंच तोंडासमोर कल्पिलेल्या प्रत्येक अर्धगोलातून पुढे सरकावं लागतं. अर्धगोलाची त्रिज्या दुप्पट केली की त्याचं पृष्ठफळ चौपट होतं, म्हणजे तिथल्या पाण्याचा वेग ढोबळमानाने चौथाई. ब्लूगिल नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशावर लेसरच्या मदतीने हे मोजलंय. तोंड जितकं उघडतं तितक्या अंतरावर गेलं की पाण्याचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या जेमतेम ५ टक्के उरतो.

माझ्या कॉपरबँडचं तोंड उघडून तीनेक मिलिमीटर. म्हणजे त्याचा पल्लाही तेवढाच. त्याचं लांब तोंड बघून वाटतं की हा पाइपसारखं लांबून ओढत असेल. उलट आहे! लांबून ओढता येत नाही, म्हणून इवलंसं तोंड खडकाच्या फटीतल्या किड्यापर्यंत नेऊन भिडवायची ही सोय आहे. पंपाच्या प्रवाहात भिरभिरत जाणारी गोळी त्याच्यासाठी धावत्या लोकलमधून उधळलेल्या शेंगदाण्यासारखी. आणि ती फटीत नाही, वळवळतही नाही, तर ते अन्न आहे हे त्याला कळावं कसं?

बाजारात यावर लसणाच्या अर्काच्या बाटल्या मिळतात. पाण्यात विरघळलेली अमिनो आम्लं माशांना हुंगता येतात हे खरं, पण ती कोळंबीच्या रसातही भरपूर असतात. लसूण काही प्रवाळावर उगवत नाही.

मी मासळी बाजारात गेलो आणि एक तिसरी, म्हणजे खायची शिंपली, मागितली.

'एक? दादा, वाटा घ्या. एका तिसरीनं कुणाचं पोट भरतं?'

वाटा घेतला. घरी येऊन एक तिसरी उघडली आणि मांस चिकटलेली अर्धी शिंपली खडकाच्या खाचेत खोचून पंप बंद केला. मांसाची झालर कडेने जराशी थरथरत होती. दहा मिनिटांनी कॉपरबँड आला, तिरका झाला, पुन्हा सरळ झाला. मग टोच! झालरीचा एक धागा निघाला. तासाभराने शिंपली बाहेर काढली, नाहीतर उरलेलं मांस कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. (आधीच अमोनिया असेल किंवा टाकीत दांडगट सोबती असतील, तर शिंपलीचाही उपयोग नाही.)

तिसऱ्यांवरच त्याला पोसायचं मात्र नाही. काही शिंपल्यांत थायामिनेज हे विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. म्हणून आठवड्याने रिकाम्या शिंपलीत तिसरीच्या मांसाबरोबर गोठवलेली मायसिस कोळंबी दाबून भरली, मग रोज मांस कमी आणि मायसिस जास्त. वाट्यातल्या बाकीच्या तिसऱ्यांचं त्याच रात्री सुकं झालं होतं.

अठराव्या दिवशी मी शिंपली भरत होतो, तेव्हा तो आधीच त्या खाचेसमोर येऊन थांबला होता.