लाईन तुंबली आहे की फुटली आहे?

संडासात पाणी वर आलं की आपल्या तोंडी एकच शब्द येतो : चोकअप. प्लंबर येतो, रॉड किंवा स्प्रिंग घालतो, पाणी खळखळून जातं आणि विषय मिटतो. बहुतेक वेळा खरंच मिटतो. पण तीच लाईन त्याच जागी दर दोन-तीन महिन्यांनी तुंबत असेल, तर पाईप फुटल्याची शंका घ्यायला हवी. आमच्याकडे एका वर्षात तीनदा रॉड मारून घेतला, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

तुंबण्यात पाईप धड असतो, आत काहीतरी अडकलेलं असतं. सिंकमधून गेलेलं तेल-तूप पाईपमध्ये थिजतं आणि त्यावर केस, साबणाचा चिकटा, खरकटं बसत जातं. गरम पाणी ओतलं की तूप वितळतं, पण पुढे जाऊन पुन्हा थिजतं. अडथळा नुसता लांब सरकतो. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड तर पाण्यात सुटे होतच नाहीत.

फुटण्यात खुद्द पाईपच बिघडलेला असतो. सांधा सरकतो, तडा जातो, किंवा खालची माती खचून मधला भाग खाली बसतो आणि तिथे मैला साचत राहतो. जुन्या चिनी मातीच्या पाईपांना थोड्या थोड्या अंतरावर सांधे असतात. त्यांतल्या बारीक फटीतून ओल बाहेर झिरपते, तिच्या मागाने झाडाचं केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत गेल्यावर ब्रशसारखं पसरतं. पीव्हीसीला सांधे कमी, म्हणून हा त्रास कमी. पण पाईप उथळ पुरलेला असेल आणि वरून गाडी जात असेल, तर तोही दबतो.

ओळखायचं कसं? एकटं सिंक तुंबलं तर मुख्य लाईनीला जोडणाऱ्या त्याच्याच पाईपमध्ये अडथळा आहे, घाबरायचं कारण नाही. फ्लश केल्यावर तळमजल्याच्या न्हाणीची जाळी गुडगुडायला लागली, तर गोष्ट मुख्य लाईनची आहे. मग घराजवळच्या चेंबरचं झाकण उघडून वरूनच पाहा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे, रिकामं असेल तर घर आणि चेंबरच्या मधे. आत मात्र उतरू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू जीव घेतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

आणि रॉड बाहेर आला की त्याचं टोक बघा. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. पांढुरका चिकट गोळा, केस, कापड निघालं तर चोकअप. माती, वाळू, खापरीचा तुकडा किंवा ओली केसाळ मुळं निघाली तर पाईप कुठेतरी उघडा पडलाय. आमच्या तिसऱ्या खेपेला रॉडच्या टोकाला मुळांचा झुबका आणि तांबडी माती होती.

फुटलेली लाईन कधीकधी तुंबतही नाही, आणि हेच धोक्याचं. पाणी जमिनीत मुरत असतं, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. अंगणातला एकच पट्टा कायम ओला, तिथलंच गवत जास्त हिरवं, फरशी खचलेली, अधूनमधून दुर्गंधी : अशी चिन्हं दिसली तर दुर्लक्ष करू नका. जवळ विहीर किंवा जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर एक दिवसही थांबू नका.

उपायांची गल्लत करणंही महागात पडतं. फुटलेल्या लाईनीत जोराने रॉड मारला तर सरकलेला सांधा आणखी सरकतो. मुळं कापली तरी पुन्हा वाढतात. चोकअप काढायला ओततात तो कॉस्टिक सोडा पाण्यात मिसळताना तापतो, त्या उष्णतेने पीव्हीसी मऊ पडू शकतं. शिवाय तेच पाणी नंतर प्लंबरच्या डोळ्यांत उडू शकतं. काही ओतलं असेल तर त्याला आधी सांगा.

संशय आला की लाईनीत कॅमेरा घालून बघायला सांगा, म्हणजे नेमकी जागा कळते आणि तेवढंच खणावं लागतं. नवा पाईप टाकताना खाली दगड नको, वाळूची गादी हवी. १०० मिमीच्या पाईपला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर उतार हवा. चर बुजवण्याआधी भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजा आणि टेपसकट फोटो काढून ठेवा. झाड कुठे लावायचं आणि गाडी कुठे उभी करायची, हे पुढे त्या फोटोवरूनच ठरवता येईल.