पार्श्वभूमी : महामारीतली बारा तासांची पाळी

कामाचे तास कायद्याने बांधून घ्यायला गिरणी कामगारांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरावर, १९३४ मध्ये दहावर आली आणि १९४६ मध्ये दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास ठरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच कायम ठेवले. त्यावर काम केले तर दुप्पट दराने पैसे.

एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद होते, मजूर गावाकडे निघाले होते. तेव्हा अनेक राज्यांनी उद्योगांना सवलती म्हणून पाळी बारा तासांची केली. गुजरातचा १७ एप्रिलचा आदेश फार कडक निघाला. त्याने आठवड्याचे ७२ तास मान्य केले आणि दुप्पट दरही काढून टाकला. आदेशातच हिशेब दिला होता: आठ तासांचे ८० रुपये, तर बारा तासांचे १२०. मूळ कायद्याप्रमाणे (आठवड्याचे ४८ तास म्हणजे सहा दिवसांत रोजचे आठ) ते १६० झाले असते. म्हणजे रोजच्या चार जादा तासांची निम्मी मजुरी कामगाराच्या खिशातून गेली, तीही त्याच्या घरात सर्वाधिक चणचण असताना.

आधार होता कारखाना कायद्याच्या ५ व्या कलमाचा. सार्वजनिक आणीबाणीत सरकार एका वेळी तीन महिने कायद्यातून सूट देऊ शकत होते. पण युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली तरच, हेही त्याच कलमात लिहिले होते. महामारीतली मंदी त्यात कुठेच बसत नव्हती. खरोखरच कामाचा रेटा असेल तर ६५ वे कलम होतेच. त्यात बारा तासांची मुभा होती, पण आठवड्याला ६० तासांचा लगाम होता आणि दुप्पट दरही द्यावा लागत होता. ती वाट सोडली, यावरूनच आदेशाचा रोख कळतो.

कामगार संघटना न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि त्या काळातला ओव्हरटाइम दुप्पट दराने देण्यास सांगितले. उत्तर प्रदेशाने तर उच्च न्यायालयाची नोटीस येताच मे महिन्यातच आपला आदेश मागे घेतला होता.

या निकालाच्या आठवडाभर आधी, २३ सप्टेंबरला, संसदेने नव्या कामगार संहिता मंजूर केल्या होत्या. कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ओव्हरटाइमचा दुप्पट दर राहिला. मात्र सूट देण्याच्या कलमात सार्वजनिक आणीबाणीच्या जोडीला आपत्ती आणि महामारी यांचीही भर पडली. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत.