माँपेल्ये विद्यापीठ

फ्रान्सच्या दक्षिण भागातील माँपेल्ये शहरातील मध्ययुगीन विद्यापीठ. पॅरिस धर्मशास्त्रासाठी, ऑर्लेआं कायद्यासाठी, तसे माँपेल्ये वैद्यकासाठी प्रसिद्ध होते. पोप चौथा निकोलस याच्या २६ ऑक्टोबर १२८९ च्या आज्ञापत्रापासून त्याची स्थापना मानण्याचा प्रघात आहे. तथापि त्या पत्राने वैद्यक, कायदा व कला या विषयांच्या आधीच नांदत्या शाळांना मान्यता दिली, एवढेच म्हणता येते.

वैद्यकशाळेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. स्पेनमधून आलेल्या अरब व ज्यू वैद्यांनी ती सुरू केली, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक इटलीतील सालेर्नो येथील वैद्यकशाळेच्या प्रभावावर भर देतात. शहरात ज्यू विद्वानांची मोठी वस्ती होती, हे खरे. सु. ११६५ मध्ये तेथे आलेला प्रवासी तुदेलाचा बेंजामिन त्यांची स्तुती करतो. पण ती तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या अध्ययनाबद्दल आहे. अरबी वैद्यकाचा ठसा प्रामुख्याने लॅटिन भाषांतरांतून उमटला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शाळा सु. ११३७ मध्ये चालू असावी, कारण पुढे जर्मनीतील माइन्त्सचा आर्चबिशप झालेला आडाल्बेर्ट तेथे वैद्यक ऐकण्यासाठी गेल्याचे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. ११५९ मध्ये इंग्रज विचारवंत सॉल्झबरीचा जॉन याने तर टोमणाच मारला : तत्त्वज्ञानात डाळ न शिजलेले लोक सालेर्नो किंवा माँपेल्येला जातात आणि वैद्य बनून परततात.

माँपेल्येचा अधिपती आठवा गिल्हेम याची सनद या संदर्भात वारंवार उद्धृत होते. कोणीही, कोठूनही आलेला असो, त्याला येथे वैद्यक शिकविता येईल; हा हक्क एकट्याच्या हाती दिला जाणार नाही, असे तिचे आश्वासन आहे. तिच्यावर जानेवारी ११८० असा काळ आहे. पण त्या वेळी नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्याने आजच्या गणनेने ते ११८१ ठरते. जुन्या ग्रंथांत दोन्ही सने आढळतात, ती त्यामुळेच. सनदेने शाळा स्थापन केली नाही, तर तिच्यातील मक्तेदारीला आळा घातला. अध्यापक व विद्यार्थ्यांची नियमबद्ध संस्था मात्र १७ ऑगस्ट १२२० रोजी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कॉन्राड याने दिलेल्या नियमांतूनच प्रथम स्पष्ट दिसते. परीक्षा व परवान्याशिवाय शिकविण्यास त्यांनी मनाई केली आणि देखरेख जवळच्या मागलोनच्या बिशपकडे सोपविली. विद्यापीठाचा आरंभ सांगताना १२८९ पेक्षा १२२० हे वर्ष अधिक सयुक्तिक आहे. वैद्यकाची संस्था १२८९ नंतरही कायद्याच्या संस्थेहून स्वतंत्रच राहिली.

शाळेचा उत्कर्ष सु. १२८० ते १३५० या काळातला. शहराचे अधिपत्य तेव्हा स्पेनमधील आरागॉनच्या राजघराण्याकडे व त्याच्या माजोर्का शाखेकडे होते; फ्रेंच राजाने ते १३४९ मध्ये विकत घेतले. येथील अध्यापक व्हिलानोव्हाचा आर्नाल्द याने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. पोप पाचवा क्लेमेंट याने १३०९ मध्ये परवान्यासाठी आवश्यक ग्रंथ ठरविले, ते आर्नाल्दसारख्यांच्या सल्ल्याने. त्यांत प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन व मध्ययुगीन इस्लामी जगातील वैद्य इब्न सीना यांना मानाचे स्थान होते. येथील अध्यापक बेर्नार द गॉर्दाँचा ‘लिलियुम मेदिसिने’ हा वैद्यकग्रंथ (१३०५) पुढे दीर्घकाळ वापरात राहिला. येथेच शिकलेल्या गी द शोल्याकने १३६३ मध्ये शस्त्रक्रियेवरील बृहद्ग्रंथ पूर्ण केला. १३४० च्या नियमांनी दर दोन वर्षांनी शवविच्छेदन आवश्यक केले.

कायद्याची परंपरा इटालियन विधिज्ञ प्लासेन्तीनुस (मृत्यू ११९२) याच्यापासून सांगतात. इटालियन कवी पेत्रार्क येथे काही वर्षे कायदा शिकला. धर्मशास्त्र १४२१ मध्ये जोडले गेले.

सोळाव्या शतकात फ्रेंच लेखक राब्ले १५३७ मध्ये येथे वैद्यकाचा डॉक्टर झाला. येथील प्राध्यापक गीयोम राँदलेचा विद्यार्थी, वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल द लेक्ल्यूझ याने पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक ग्रंथाचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पतिउद्यान १५९३ चे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात १७९३ मध्ये विद्यापीठ बंद झाले. पुढच्याच वर्षी वैद्यकाचे अध्यापन नव्या आरोग्यशाळेत सुरू झाले. १८९६ मध्ये विद्यापीठ पुन्हा उभे राहिले. १९७० मध्ये त्याचे तीन भाग झाले, त्यांपैकी दोन २०१५ मध्ये एकत्र आले.