इंडोनेशियात मानवशास्त्रीय क्षेत्रकार्य: संशोधन परवाना कोणाला मिळतो, कसा काढायचा, कागदपत्रं कोणती

आग्नेय आशियाचा अभ्यासक व्हायचं म्हटलं की एम.ए., नेट, पीएच.डी. ही वाट सगळ्यांना माहीत असते. पण ज्या देशात वर्षभर राहून लोकांशी बोलायचं, त्या देशाची परवानगी लागते, हे कित्येकांच्या लक्षात येतं ते प्रबंधाचा आराखडा मंजूर झाल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून इथे फक्त इंडोनेशियाबद्दल लिहितो. जावा, बाली, सुलावेसी यांवर काम करू पाहणाऱ्यांची पहिली अडचण हीच असते.

आधी इथली पात्रता थोडक्यात. मानवशास्त्र हा यूजीसी-नेटचा स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही २०२४ पासून परीक्षा देता येते. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी वयाची अट ३० वर्षं असून महिलांना आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे. दरमहा रक्कम ३७,००० रुपये. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे. प्रदेश-अभ्यासाच्या अंगाने जायचं तर दिल्लीचं जेएनयू आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ ही ओळखीची ठिकाणं. इंडोनेशियाचा परवाना मात्र एकट्यादुकट्या हौशी माणसाला मिळत नाही. मागे विद्यापीठ किंवा संशोधन संस्था हवी.

परवाना देणारी संस्था म्हणजे ‘ब्रिन’, इंडोनेशियाची राष्ट्रीय संशोधन संस्था. ही २०२१ मध्ये उभी राहिली. त्याआधी हे काम ‘रिस्तेक’ म्हणजे संशोधन व तंत्रज्ञान मंत्रालयाकडे होतं. जुन्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात ‘लिपी’ (जुनी राष्ट्रीय विज्ञान संस्था) किंवा ‘रिस्तेक’ची नावं दिसतील, पण तिथे आता अर्ज करायचा नाही. नियमांचा कणा आहे २०१९ चा अकरावा कायदा. परदेशी संशोधकाने परवाना घ्यायचा, स्थानिक संशोधकाला भागीदार म्हणून सोबत घ्यायचं, कामातून निघणाऱ्या प्रत्येक प्रकाशनात त्याचं नाव द्यायचं, आणि नमुने किंवा सामग्री देशाबाहेर न्यायची तर लेखी करार करायचा, असं तो सांगतो. नियम मोडला तर काळ्या यादीत नाव जातं.

सगळं अडतं ते भागीदारावर. तिथल्या विद्यापीठातल्या किंवा संस्थेतल्या संशोधकाचं स्वीकृतीपत्र हातात आल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. बरेच जण या पत्राला निव्वळ शिक्का समजतात आणि चार प्राध्यापकांना एकच ईमेल धाडतात. उत्तर येत नाही, आणि का यावं? त्या माणसाला तुमच्या कामाची जबाबदारी अंगावर घ्यायची असते. योग्याकार्ताचं गाजा मादा विद्यापीठ किंवा जकार्ताजवळचं इंडोनेशिया विद्यापीठ, जिथे इंडोनेशियन मानवशास्त्रज्ञ कुंचारानिंग्राट यांनी १९५७ मध्ये मानवशास्त्र विभाग सुरू केला, इथल्या प्राध्यापकांकडे जगभरातून अशा विनंत्या येतात. त्यांचं लिखाण वाचा, शक्य तर भाषा-इंडोनेशियात, म्हणजे तिथल्या राष्ट्रभाषेत, चार ओळी लिहा, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना या कामातून काय मिळेल तेही स्पष्ट करा. निवडलेल्या जिल्ह्याजवळच्या छोट्या विद्यापीठातला भागीदार माझ्या मते जास्त उपयोगी पडतो, कारण स्थानिक कचेऱ्यांत त्याची ओळख असते. भाषा शिकायची असेल तर ‘दार्मासिस्वा’ या इंडोनेशिया सरकारच्या शिष्यवृत्तीची घोषणा पाहत राहा. १९७४ पासून ती चालत आली आहे.

भागीदार मिळाला की ऑनलाइन अर्ज. सोबत लागणारी कागदपत्रं साधारण अशी: संशोधन प्रस्ताव आणि गोषवारा, बायोडेटा, पासपोर्टची प्रत, फोटो, मार्गदर्शकाचं शिफारसपत्र, भागीदाराचं पत्र, खर्चाची तरतूद असल्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सोबत नेणार असलेल्या उपकरणांची यादी. यादीत रेकॉर्डर, कॅमेराही लिहा. कुटुंब बरोबर नेणार असाल तर तेही आत्ताच कळवा. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसेल ती यादी प्रमाण माना, सीनियरने दिलेली जुनी पीडीएफ नको.

याला जोडूनच नैतिक मंजुरी घ्यावी लागते. ‘आम्ही तर फक्त गप्पा मारणार’ हे इथे चालत नाही. संमतीचा मजकूर स्थानिक भाषेत कसा असेल, निरक्षर माणसाची तोंडी संमती कशी नोंदवणार, नावं कशी झाकणार, हे प्रस्तावात लिहावं लागतं. शिवाय गोळा केलेली प्राथमिक माहिती कायद्याप्रमाणे सरकारकडे जमा करायची असते. मानवशास्त्रज्ञाच्या वहीत मात्र भांडणं, कर्जं, कुणाच्या घरातल्या गोष्टी असतात. जमा करायची प्रत आणि स्वतःची टिपणवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, आणि भागीदाराशी आधीच बोलून घ्या.

परवाना मिळाला की मर्यादित वास्तव्याचा व्हिसा. इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, त्यामुळे शंका विचारायला महाराष्ट्रातल्या माणसाला दिल्ली गाठायला नको. विमानतळावर मिळणारा तीस दिवसांचा पर्यटक व्हिसा संशोधनासाठी चालत नाही. ‘आधी जाऊन बघतो, मग कागद करतो’ हा मार्ग महागात पडतो. भागीदाराला भेटायला जाणं वेगळं आणि मुलाखती घेत फिरणं वेगळं.

पोचल्यावर ‘कितास’ हे वास्तव्यपत्र. त्यापुढची नेहमीची साखळी म्हणजे गृहमंत्रालयाचं संशोधन-सूचनापत्र, पोलिसांचं ‘सुरात जालान’ हे प्रवासपत्र, मग प्रांत आणि जिल्ह्याची ‘केसबांगपोल’ (राष्ट्रीय ऐक्य व राजकीय व्यवहार) कचेरी, आणि शेवटी गावप्रमुख. प्रत्येक टेबलावर आधीच्या पत्राची प्रत मागतात, म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा जवळ असू द्या. गल्लीच्या तोंडाशी ‘पाहुण्यांनी २४ तासांच्या आत कळवावे’ अशा अर्थाची पाटी असते. ती खरोखरच पाळायची आहे.

या कागदांना किंमत किती? १९५८ मध्ये बालीतल्या एका गावात कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली. तिथे अभ्यासाला आलेले अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी हिल्ड्रेड गावकऱ्यांबरोबर पळाले आणि एका घराच्या अंगणात शिरले. मागोमाग आलेल्या पोलिसाला घरधन्याने ठणकावून सांगितलं की हे अमेरिकन प्राध्यापक आहेत आणि सरकारनेच त्यांना परवानगी दिली आहे. उलट बाजूही आहे. इंडोनेशियाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांना १९७२ मध्ये देशाबाहेर काढलं, आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता १९९८ मध्ये जाईपर्यंत दार बंदच राहिलं. २०२२ मध्येही ओरांगउटानच्या संख्येवरून सरकारशी मतभेद झालेल्या पाच परदेशी शास्त्रज्ञांना सहकार्य करू नका, असं तिथल्या पर्यावरण खात्याने कळवलं होतं. पापुआसारखा संवेदनशील प्रदेश निवडलात तर छाननी जास्त आणि वेळही जास्त.

परवाना साधारणतः वर्षापर्यंतचा असतो आणि मुदतवाढ मागता येते. परवाना संपायच्या बऱ्याच आधी ती मागा, कारण व्हिसाची मुदत वेगळी चालते. काम संपल्यावर अंतिम अहवाल द्यावा लागतो. प्रबंधाची प्रत भागीदाराला आणि गावालाही पाठवा. पुढच्या वेळी स्वीकृतीपत्र मागायला त्याच दारात जायचं असतं.